बादली आणि घड्याळ : चार फुटी टँकला कॅनिस्टर बसवतानाच्या नोंदी

११ जानेवारी

टँकची मापं १२० × ४५ × ४५ सेंमी. गुणाकार केला तर २४३ लिटर येतात. पण काचेची जाडी, तळाची वाळू आणि वर मोकळी ठेवलेली चार बोटं जागा वजा जाता प्रत्यक्षात पाणी १८० लिटरच्या आसपास बसतं. यापुढचे सगळे हिशेब १८० धरूनच करायचे.

आत चार ओरांडा, म्हणजे आखूड गोल अंगाचे गोल्डफिश. सध्या एअरपंपावर दोन स्पंज फिल्टर चालू आहेत. अमोनिया शून्य, नायट्राइट शून्य, म्हणजे त्या दोन्हींचं नायट्रेट करणारे जीवाणू आपलं काम चोख करताहेत. त्रास आहे तो गाळाचा. ओरांडा दिवसभर वाळू तोंडात घेतात, चाळतात, थुंकतात. त्यांची दोऱ्यासारखी विष्ठा तुटते, तिचा भुगा होतो आणि तो भुगा पाण्यात तरंगत राहतो. स्पंजची ओढ दोन्ही कोपऱ्यांतच संपते, मधल्या तीन फुटांपर्यंत ती पोहोचत नाही. दर चार दिवसांनी नळी लावून तळ उपसते, तरी आठवडा संपताना नायट्रेट ४० पीपीएमला टेकतं.

म्हणून कॅनिस्टर, म्हणजे टँकखालच्या कपाटात ठेवायचा, पंप असलेला बंद डब्याचा फिल्टर. एक गोष्ट आधीच लिहून ठेवते, म्हणजे पुढे विसर पडणार नाही : कॅनिस्टरमध्ये अडकलेला गाळ टँकच्या पाण्यातून बाहेर गेलेला नसतो. तो कपाटातल्या डब्यात असतो, त्याच पाण्यात कुजत असतो आणि त्याचं नायट्रेट टँकमध्येच परत येतं. डबा उघडून धुवू तेव्हाच तो खरा बाहेर जातो. तेव्हा फिल्टर निवडताना माझा पहिला प्रश्न एकच आहे, हा डबा मला किती सहज उघडता येईल?

१४ जानेवारी

तीन दिवस माहितीपत्रकं वाचली. खोक्यावर जो ताशी लिटरचा आकडा छापलेला असतो तो बहुतेकदा डबा रिकामा असतानाचा, मिडिया (आत भरायचं गाळण्याचं साहित्य) न भरता मोजलेला असतो. सिरॅमिक रिंग, स्पंज, लोकर भरली, दीड-दीड मीटर नळ्या आणि त्यांची वळणं आली की प्रवाह बराच खाली येतो. मला प्रत्यक्षात तासाला ७२० ते ९०० लिटर हवेत, म्हणजे पाण्याच्या चार ते पाच पट. त्यासाठी छापील आकडा १४०० च्या आसपासचा लागेल असा अंदाज. तो खरा की खोटा ते बादली लावून बघणार आहे.

उंचीबद्दलचा एक गैरसमज माझ्याही डोक्यात होता. कॅनिस्टर खाली कपाटात आणि टँक वर, तेव्हा पंपाला एवढं पाणी उचलावं लागतं असं वाटायचं. कागदावर आकृती काढली तेव्हा उलगडा झाला. खाली येणाऱ्या नळीतलं पाणी आणि वर जाणाऱ्या नळीतलं पाणी एकमेकांना तोलून धरतात, दोन्ही टोकं एकाच टँकमध्ये बुडालेली असतात. पंपाला झगडावं लागतं ते घर्षणाशी, म्हणजे नळीची लांबी, वळणं, मिडियाचा दाटपणा, पुढच्या टोकाची बारीक छिद्रं. पाण्याचं टोक पृष्ठभागाच्या वर धरलं तर तेवढ्या उंचीचा भार मात्र पंपावर पडतो. पत्रकातली कमाल उंचीची मर्यादा पाळायचीच, पण कपाट चार बोटं खोल आहे म्हणून प्रवाह मरेल ही भीती सोडली.

एहाइम क्लासिकसारख्या जुन्या घडणीवर मन बराच वेळ रेंगाळलं. एक गोल डबा, मिडिया थेट थरांनी रचायचा, बिघडायला भागच कमी. २२१७ मॉडेल १००० लिटरचं आणि वीज अवघी २० वॅट. एंजल किंवा टेट्रा मासे असते तर तेच घेतलं असतं. पण ओरांडांच्या टँकला डबा महिन्यातून एकदा तरी उघडावा लागणार, आणि दर वेळी सगळे थर उपसून पुन्हा रचण्यापेक्षा टोपल्या उचलून बाहेर काढणं मला जास्त जमेल. म्हणून १४०० लिटरचा, चार टोपल्यांचा, चार क्लिपांनी उघडणारा फिल्टर पक्का केला. नळ्यांचा जोड एका खटक्याने डोक्यापासून सुटतो आणि दोन्ही नळ्यांचे कॉक त्याच खटक्याने बंद होतात. ओ-रिंग (झाकणाच्या सांध्यातलं रबरी कडं) आणि इम्पेलर (पंपातलं फिरतं पातं) सुटे मिळतात हेही आधी विचारून घेतलं.

१९ जानेवारी

फिल्टर आला. पाणी भरण्याआधी कपाटात कोरडाच ठेवून पाहिला. कपाटाची आतली उंची ६२ सेंमी, फिल्टरची ४२. वीस सेंमी उरतात असं वाटतं, पण डोक्यातून निघालेल्या नळीला काटकोनात मोडल्याशिवाय वळायला बारा-तेरा सेंमी लागतात, आणि डोकं उचलून बाजूला काढायलाही हात आत जायला हवा. जेमतेम जमतंय. कपाटाच्या मागच्या फळीला नळ्यांसाठी दोन भोकं मोठी करून घेतली.

नळ्या बेताच्या लांबीत कापल्या. जास्तीचं वेटोळं ठेवलं नाही, वेटोळ्यात हवा अडकते आणि गाळही बसतो. जोडावर नळी चढत नव्हती, तेव्हा टोक मिनिटभर गरम पाण्यात धरलं आणि ओल्या हाताने फिरवत ढकललं. अलगद बसली.

वायर सॉकेटच्या खाली झोल देऊन मग वर नेली, म्हणजे वायरीवरून ओघळलेलं पाणी झोलाच्या खालच्या टोकाशी गळेल, सॉकेटमध्ये शिरणार नाही. त्या लाइनवर ३० मिलीअँपिअरचा आरसीसीबी, म्हणजे वीज गळाली की पुरवठा तोडणारा स्विच आहे. नसता तर आधी तो बसवला असता, फिल्टर नंतर.

२० जानेवारी

टँकला जोडण्याआधी गळती तपासायची. टेबलावर पाण्याने भरलेली मोठी बादली, खाली टबात कॅनिस्टर, दोन्ही नळ्या बादलीत. डब्यात पाणी ओढून घेणाऱ्या प्रायमरचं बटण सात-आठ वेळा दाबलं. आधी नुसता हवेचा फुसफुस आवाज आला, मग नळीत पाण्याची एक लांब जीभ सरसरत खाली उतरली आणि डब्यात गडगड सुरू झाली. डबा भरत आला तसा आवाज बारीक होत थांबला. तेव्हाच वीज लावली, कोरडा पंप चालवायचा नाही.

डोक्याच्या सांध्याभोवती टिश्यू पेपरची पट्टी गुंडाळली होती. डोळ्याला न दिसणारी ओलही कागदावर उमटते. पाऊण तासाने एका क्लिपच्या खाली मुगाएवढा करडा ठिपका आला, बघता बघता तो नाण्याएवढा झाला.

बंद करून उघडलं. ओ-रिंग काढून उजेडात बोटांच्या चिमटीतून सावकाश फिरवली. एका जागी नखाला खरखर लागली. वाळूचा एकच कण, मोहरीच्या निम्म्याएवढा, रबरात रुतून बसलेला. टबात सकाळी टँकची वाळू धुतली होती, तिथूनच आला. कण काढला, खाच मऊ ब्रशने झाडली, रिंगला सिलिकॉन ग्रीस बोटाने इतकं हलकं लावलं की नुसती चमक यावी. घरातली पेट्रोलियम जेली हाताशी होती, पण तिने काही प्रकारचं रबर फुगतं, म्हणून तिच्याकडे वळले नाही. पुन्हा बसवून रात्रभर चालू ठेवला.

२१ जानेवारी

कागद कोरडा. आता मोजणी.

डबा रिकामाच ठेवून टँकला जोडला. दहा लिटरची खूण केलेली बादली जमिनीवर, परतीची नळी बादलीत, धाकटी घड्याळ घेऊन उभी. "आई, पुरे, भरली!" चोवीस सेकंद. म्हणजे तासाला १५०० लिटर, छापील आकड्यापेक्षा जास्त! हे शक्यच नव्हतं. थोड्या वेळाने लक्षात आलं, बादली जमिनीवर असल्यामुळे टँकचं पाणी आपल्याच भाराने खाली धावत होतं आणि पंपाला ढकलून मदत करत होतं. पंपाचं खरं बळ बघायचं तर नळीचं तोंड टँकमधल्या पाण्याच्या पातळीलाच धरायला हवं. स्टूलावर स्टूल ठेवून बादली वर चढवली. आता दहा लिटरला ३३ सेकंद, म्हणजे तासाला साधारण १०९०.

यापुढची प्रत्येक मोजणी अशीच होणार : तीच बादली, तीच उंची, तीन वेळा मोजून मधला आकडा.

२३ जानेवारी

मिडिया भरला. या फिल्टरमध्ये पाणी बाजूच्या पोकळीतून तळाशी जातं आणि टोपल्यांतून वर चढतं. म्हणून जाड छिद्रांचा स्पंज सगळ्यात खाली, त्यावर मध्यम स्पंज, तिसऱ्या टोपलीत सिरॅमिक रिंग, चौथीत रिंग आणि त्यावर बारीक लोकरीची चकती. सोबतच्या पत्रकात रिंग सगळ्यात खाली दाखवल्या आहेत. ते मला पटलं नाही. विष्ठेचा भुगा आधी रिंगांवर आदळला तर त्यांची सूक्ष्म छिद्रं गाळाने लिंपली जातील, आणि रिंगांवर तर मला जीवाणू वाढवायचे आहेत. खोक्यातली कार्बनची पिशवी तशीच बाजूला ठेवली. औषध दिल्यानंतर पाण्यातून ते काढायला किंवा लाकडाचा रंग उतरवायला ती उपयोगी पडेल, रोज लागत नाही.

नव्या रिंगांची धूळ जाईना. पाच पाण्यांनी धुतल्या तरी सहावं पाणी दुधाळ. नवव्या पाण्याला नितळ झाल्या.

खरी तयारी वेगळीच. नवा मिडिया म्हणजे निर्जीव दगड. १९९८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनातून समोर आलं की गोड्या पाण्याच्या टँकमध्ये नायट्राइटचं नायट्रेट करण्याचं काम प्रामुख्याने नायट्रोस्पायरा गटातले जीवाणू करतात. त्याआधी ते श्रेय नायट्रोबॅक्टरला दिलं जायचं. नाव कुठलंही असो, हे जीवाणू पृष्ठभागाला चिकटून राहतात आणि सावकाश वाढतात. म्हणून टँकमधलं जुनं पाणी नव्या फिल्टरमध्ये ओतून फार काही साधत नाही. वस्ती हलवायची तर स्पंजच हलवायला हवा. दोनपैकी एक जुना स्पंज टँकच्याच पाण्यात धरून कात्रीने चार तुकडे केले आणि दुसऱ्या टोपलीत नव्या स्पंजाखाली दाबून बसवले. दुसरा स्पंज फिल्टर टँकमध्येच चालू राहील, निदान पाच आठवडे.

मिडियासकट दहा लिटरला ४२ सेकंद. तासाला ८५७ लिटर, १८० च्या पावणेपाच पट. अंदाज बरोबर आला.

२४ ते २७ जानेवारी

पहिल्या रात्री खडखड. मिडियात हवा दडून राहते आणि बुडबुडा इम्पेलरपाशी पोहोचला की असा आवाज येतो. डबा दोन्ही हातांनी धरून हळूच तिरका केला, बाजूला टपल्या मारल्या, पुढच्या टोकातून बुडबुड्यांचा झोत निघाला. शांत. दोन तासांनी पुन्हा खडखड. असं तीन दिवस चाललं. इम्पेलर काढून पाहिला, सिरॅमिकचा दांडा शाबूत (तो खडूसारखा मोडतो, ओढताना जपावं लागतं), पाती स्वच्छ.

कारण टँकमध्येच होतं. उरलेला स्पंज फिल्टर शोषण नळीच्या गाळणीला खेटून उभा होता आणि त्याचे बुडबुडे सरळ गाळणीत ओढले जात होते. तो उचलून दुसऱ्या कोपऱ्यात नेला. तेव्हापासून कपाटाला कान लावला तरच फिल्टर चालू असल्याचं कळतं.

३० जानेवारी

पाणी आता काचेसारखं दिसतं, पण मासे खूश नाहीत. सर्वांत मोठा ओरांडा, ज्याची डोक्यावरची मांसल टोपी डोळ्यांवर उतरायला लागली आहे, तो झोतात आला की अर्धा वळसा घेऊन मागे फेकला जातो आणि मग दगडाच्या आडोशाला अंग टेकून उभा राहतो. आखूड गोल शरीर, दुहेरी शेपूट, त्यांना सततच्या प्रवाहाशी झुंजायला लावणं बरोबर नाही.

कॉक अर्धा बंद करून प्रवाह कमी करता आला असता, पण मग कमावलेला प्रवाहच घालवला असता. त्याऐवजी स्प्रे बार (परतीच्या टोकाची छिद्रांची नळी) मागच्या लांब काचेवर आडवा लावला आणि छिद्रं काचेकडे, किंचित वर वळवली. झोत काचेवर आदळून पसरतो, पृष्ठभागावर सबंध लांबीभर लहर उठते, त्यामुळे प्राणवायूही मिसळतो. आता मधल्या पाण्यात पान सोडलं तर ते रमतगमत फिरतं. तासाभरात मोठा ओरांडा आडोशातून बाहेर आला.

परतीच्या नळीच्या काचेकडच्या भागाला पाण्याच्या पातळीखाली दोन बोटांवर ३ मिमीचं एक छिद्रही पाडलं. खाली कधी जोड निसटला आणि पाणी उलटं वाहू लागलं, तर पातळी छिद्रापर्यंत उतरताच हवा आत शिरून सायफन तुटेल.

८ फेब्रुवारी

आम्ही बाहेर असताना वीज गेली, परत आलो तेव्हा जवळजवळ पाच तास झाले होते. कॅनिस्टर बंद डबा आहे. प्रवाह थांबला की आतले जीवाणू डब्यातल्या थोड्याशा पाण्यातला प्राणवायू संपवतात, मग ते मरायला लागतात आणि पाणी सडतं. वीज येईल तेव्हा ते पाणी थेट टँकमध्ये जायला नको, म्हणून आधी प्लग काढला, मग डबा उघडला. ओल्या मातीला कुजका वास यावा तसा वास. डब्यातलं पाणी फेकलं, टोपल्या टँकच्या पाण्याने भरलेल्या टबात बुडवून दोनदा वरखाली केल्या, डबा टँकच्या पाण्याने भरला. नळाचं पाणी मिडियाला लावलं नाही, त्यातलं क्लोरीन उरलेल्या जीवाणूंनाही मारेल.

दुसऱ्या दिवशी सकाळी अमोनिया ०.२५ पीपीएम. क्लोरीन काढलेलं पाणी घालून एक तृतीयांश पाणी बदललं. संध्याकाळी शून्य. उघड्यावरचा जुना स्पंज फिल्टर टँकमध्ये होता म्हणून एवढ्यावर निभावलं.

१७ फेब्रुवारी

बादलीला ७५ सेकंद! तासाला ४८०. डोळ्यांना काहीच जाणवलं नव्हतं. पाणी स्वच्छ, लहर थोडी मंद, पण रोज बघणाऱ्याला हळूहळू होणारा बदल दिसत नाही. महिना भरायच्या आत प्रवाह जवळजवळ निम्म्यावर आला.

१८ फेब्रुवारी

सगळं एकदम धुतलं असतं तर कारण कळलं नसतं. म्हणून एका वेळी एकच गोष्ट बदलायची आणि मोजायचं, असं सकाळी ठरवलं. धाकटीने वहीत रकाने आखले.

शोषण नळीच्या गाळणीवर मी स्पंजची टोपी चढवली होती, ती काढून पिळली : ७० सेकंद. फार फरक नाही.

डबा उघडला. जाड स्पंज तपकिरी, पण पाणी सहज झिरपत होतं. वरची लोकरीची चकती हातात घेतली तर ती लोकर राहिलीच नव्हती, चिखलाचा लेप दिलेल्या पापुद्र्यासारखी झाली होती. फुंकर मारली तर हवा पलीकडे जाईना. नवी चकती घातली : ५४ सेकंद. सोळा सेकंद एकट्या चकतीचे.

तरी ४२ आणि ५४ मधला फरक उरलाच. नळ्या चाचपत गेले. कपाटाचं दार लावताना परतीची नळी बिजागरीपाशी दाबली जात होती, आणि मऊ पडलेल्या नळीला तिथे चपटी घडी बसली होती. दार उघडं ठेवून मोजत आले होते, पण घडी कायमचीच झाली होती. तेवढा भाग कापून नळी नव्याने जोडली, बिजागरीपाशी प्लास्टिकची कोपर बसवली : ४६ सेकंद.

उरलेले चार सेकंद नळीच्या आतल्या बुळबुळीत थराचे असावेत. लांब ब्रश मिळाला की बघेन. लोकरीची चकती आता दर दहा दिवसांनी बदलायची, रिंगांना हात लावायचा नाही.

३ मार्च

पाच आठवडे उलटले. जुना स्पंज फिल्टर एअरपंपापासून सोडवला, पण फेकला नाही. कॅनिस्टर एकट्याने भार पेलतो का ते पाहायचं आहे. खाणं निम्मं केलं. रोज सकाळी थेंबांच्या किटने तपासणी.

४ ते १० मार्च

अमोनिया सातही दिवस शून्य. नायट्राइट दुसऱ्या दिवशी फिकट जांभळट झाक, ०.२५ च्या खालीच, नंतर शून्य. पाचव्या दिवशी खाणं पूर्ववत केलं. जुना स्पंज पुन्हा टँकमध्ये ठेवला आणि एअरपंपाला जोडला. तो फिल्टर म्हणून लागत नाही हे आता माहीत आहे, पण पाच तासांची ती रात्र आठवते. वीज गेली तर बॅटरीवरच्या पंपाला तोच लावता येईल, आणि कधी आजारी मासा वेगळा ठेवावा लागला तर जिवंत स्पंज हाताशी असेल.

२४ मार्च

ठरल्याप्रमाणे महिन्याने पूर्ण उघडला. आधी मोजलं, ५१ सेकंद. साठ ओलांडले की उघडायचा हा नियम धरला तर अजून आठवडाभर चालला असता. जाड स्पंज टँकच्या पाण्यात पिळला, तीन बादल्या चहासारख्या तपकिरी निघाल्या. महिन्याभराचा हा गाळ आज खरा टँकबाहेर गेला. रिंग टोपलीतच बुडवून एकदा हलवल्या, बाकी तशाच. नळ्यांतून ब्रश फिरवला. ओ-रिंग चिमटीतून फिरवली, गुळगुळीत. ग्रीसची चमक.

नायट्रेट आठवड्याच्या शेवटी २० वर. तळ उपसणं आता दहा दिवसांतून एकदा.

जोडून बादली वर चढवली. धाकटीने घड्याळ धरलं आणि वहीत लिहिलं : १० लिटर, ४३ सेकंद. त्याखाली तिनेच पुढची तारीखही टाकली.